पान एकशे बारा

दर गुरुवारी तीन वाजता मी मिस्टर फाइनमेसरना
खून वाचून दाखवते.
व्हिटबीच्या टेकडीवरचा वृद्धाश्रम, खिडकीत राखाडी समुद्र,
हीटरवर वाळत घातलेले त्यांचे मोजे.
नजरेच्या मधोमध आता त्यांना नुसता डाग दिसतो,
कडेकडेने जग.
"गुप्तहेराला एवढं पुरतं," म्हणतात.

पुस्तकं त्यांचीच. लीड्सला बटणांचं दुकान होतं तेव्हा
दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचलेली,
पानापानांत खुणेचे दोरे.
बर्फाने अडवलेली हवेली,
बिलियर्डच्या टेबलाखाली पालथे पडलेले सर ऑब्री,
आणि अकरा माणसं,
ज्यांतल्या प्रत्येकाने त्या रात्री काहीतरी ऐकलंय.

मला हे आवडतं. लपवत नाही.
रात्रपाळीने पाय सुजलेले असताना
असं एक जग, जिथे घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं
तर कुणीतरी जाब विचारतं,
विझल्या शेगडीतल्या राखेलासुद्धा अर्थ असतो,
आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून
खरं काय ते सांगतात.
माझ्या घरात असं कुणी कुणाला बसवलं नाही.

पान एकशे बारा.
सावकार येतो. आधी नाक येतं, मग तो.
हातांवर दोन ओळी, अंगठ्यांवर तीन,
आणि मग ती उपमा.
मी उडी मारली, ओल्या फरशीवरून मारावी तशी,
आवाज न बदलता,
थेट जेवणाच्या घंटेवर.

"एक ओळ खाल्लीत तुम्ही, मिस गिटन्स."
मी म्हटलं, चष्मा.
"चष्मा नाही. वरून चौथी.
त्रेपन्न सालापासून पाठ आहे मला.
वाचा. तिच्यात सुगावा आहे."

वाचली. नाणं चोखल्यासारखी चव राहिली तोंडात.
ते पुढे सरकले, डोळे मिटून.
"आता सगळं घर त्याच्याकडे बघतंय.
लेखकही बघतोय. त्याला आमची जात आवडत नाही,
वाचकालाही आवडत नसणार, हे तो धरूनच चालतो.
आणि तेवढ्यात पलीकडे
कर्नलची बहीण हातमोजे बदलते.
चाळीस पुस्तकांत मोजलंय मी. परक्याने खून केला
असं दोनदा. बाकीचे घरच्यांनीच,
उत्तम शाळांत शिकलेल्यांनी, केक खाऊन झाल्यावर."
हसले, खोकला येईपर्यंत.

"खुनी सांगून टाकलात की!"
"खुनी काय, कुणीही सांगेल."
"आणि राग?"
"येतो ना. म्हणून सगळी जुन्या बाजारातून घेतली.
त्या गृहस्थाला माझा एक पैसा मिळालेला नाही."

पान एकशे चाळीसचं मला ठाऊक नव्हतं.
तिथे जहाजावरचा स्वयंपाकी येतो, ब्रिजटाउनचा.
माझी आई तिथलीच. सुईणीचं शिकायला आली
पातळ कोट घालून, नोव्हेंबरात.
पुस्तकात त्याला नाव नाही.
एक शब्द आहे. चार वेळा.

"हे सोडा," मिस्टर फाइनमेसर म्हणाले,
पहिल्यांदाच घाईघाईने. "इथे सुगावा नाही."

मी नाही सोडलं.
चारही वेळा वाचला, स्वच्छ, अक्षर न गिळता.
मग त्याला नाव दिलं: एव्हरटन.
मामाचं होतं.
तिथून पुढे पुस्तकभर तो एव्हरटन.
एव्हरटनने सूप वाढलं.
एव्हरटनने ताटं उचलली.
आणि एकशे ऐंशीला, एका अर्ध्या वाक्यात,
दिवा मालवला गेला तेव्हा
जिन्याखाली उभा होता एव्हरटन.

मी थांबले. तेही.
"त्याने पाहिलं होतं," मी म्हटलं.
"त्याला कुणी विचारलंच नाही!"
खुर्चीच्या हातावर थाप मारली त्यांनी.
"सत्तर वर्षं वाचतोय हे पुस्तक. सत्तर.
मीही नाही विचारलं."
मग बराच वेळ समुद्राकडे तोंड करून बसले,
डागाच्या कडेने बघत.

साडेचारला ट्रे आला. धुरावलेला हेरिंग, ब्रेड, लोणी.
ते मासा बोटांनी चाचपतात, काटा लागला की काढतात,
ताटाच्या कडेला ओळीने लावतात,
आणि खातात, चवीने, कातडीसकट.
ताट उचलताना मी मोजले. सतरा होते.
निळा दोरा एकशे ऐंशीवर ठेवला.
"पुढच्या गुरुवारी मागे जाऊ," ते म्हणाले,
"तो पहिल्यांदा आला तिथपासून."